पानिपतच्या मुलीचा गुडघा

बाबा, पानिपतच्या एका मुलीबद्दल तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. पण तिला मी संघात घेतलं ते तुमच्या एका वाक्यामुळे, आणि ते वाक्य ऐकलेलं दुसरं कुणीच आता उरलेलं नाही, आईसुद्धा नाही.

तुम्ही ज्या निवड समितीवर बसायचात, तिच्यावर आता मी बसते. तुमच्या वेळी आपल्या सरकारी खात्याचा फक्त पुरुषांचा बास्केटबॉल संघ होता, आता मुलींचाही आहे. गेल्या वर्षी खेळाडू कोट्यातून एकच जागा निघाली. ट्रायलला आलेल्या मुलींत ही सगळ्यांत उंच, जरा पोक काढून उभी राहणारी. खेळ सुरू झाला आणि पोक गेलं. चेंडू हातात यायच्या आधीच तो कुणाकडे द्यायचा हे तिला कळलेलं असायचं. समोरची मुलगी डावीकडे झुकली की ही हसत उजवीकडून निघून जायची. मी कितीतरी वर्षांनी असा खेळ पाहत होते. मग पाणी प्यायला ती बसली आणि उजव्या गुडघ्यावरचे व्रण दिसले. दोनदा शस्त्रक्रिया झालेली. डॉक्टर म्हणाले, खेळू शकेल, पण किती दिवस ते विचारू नका. समितीत आम्ही तिघं. कोचना ती हवीच होती. दुसरे सदस्य म्हणाले, "मॅडम, नौकरी एक ही है. वो दूसरी लड़की थोड़ी कम है, पर साबुत तो है." उरलेलं मत माझं होतं.

आणि मला आपल्या सरकारी क्वार्टरचं स्वयंपाकघर आठवलं. हिवाळ्यातली दुपार आहे, आई पोळ्या करतेय, तुम्ही ताटात मटार सोलताय आणि एक शब्द बोलत नाही आहात. सकाळी तुमचा संघ हरलेला. हरवलं होतं करोल बागेतल्या त्या कापडवाल्याच्या मुलानं. त्याचा घोटा सारखा मुरगळायचा म्हणून तुम्ही त्याला नाकारलं होतंत. दुसऱ्या खात्यानं त्याला घेतलं आणि पुढे कित्येक वर्षं तो तुमच्याविरुद्ध खेळला. मी तेव्हा अकरावीत, शाळेच्या संघात. मी विचारलं, "का नाही घेतलंत त्याला?" आई म्हणाली, "आता जेवताना नको." तुम्ही मात्र बोललात. "भ्यायलो मी. तो मोडला तर लोक मला काय म्हणतील, याला भ्यायलो." मग मटार सोलता सोलताच म्हणालात, "तू कधी अशा जागी बसलीस तर चांगल्या खेळाडूला नाही म्हणू नकोस. मोडायचाच असेल तर आपल्याकडे मोडू दे. आपण सांभाळू."

समितीत मी हो म्हटलं, बाबा.

ती रुजू झाली. टपाल विभागात बसायची, दुपारनंतर सरावाला जायची. तिची आई पानिपतला हातमागाच्या कारखान्यात कामाला. ती एकदा खास दिल्लीला आली, मयूर विहारचं आमचं घर विचारत विचारत, आणि खेस, म्हणजे जाडजूड सुती पांघरूण, माझ्या हातात ठेवून म्हणाली, "ओढ़ लेना जी, जाड़े में." मी नको म्हणत होते, पण तिला ते ऐकूच येत नव्हतं. त्यानंतर पहिल्याच मोठ्या स्पर्धेत मुलीनं उंच उडी मारून रिंगवरून उसळलेला रिबाउंड घेतला आणि खाली आली. कुणाचा धक्का लागला नव्हता. खाली आली आणि बसलीच. मी धावले, तर माझा हात धरून इतकंच म्हणाली, "मॅडम, फिर वही."

तिसऱ्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी खेळ बंद सांगितला. नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि खेळाडू म्हणून घेतलेली मुलगी खेळू शकत नाही म्हटल्यावर तिला ठेवायचं कशाला? मी वरच्या साहेबांकडे गेले, पुन्हा गेले. टपालाचं काम ती उत्तम करते, तिथंच राहू द्या म्हटलं. ते वाईट माणूस नाहीत. चहा मागवला आणि म्हणाले, "मैं समझता हूँ, पर रूल में नहीं है. और मेडिकल देखकर साइन तो आप ही ने किया था ना?" आपण सांभाळू, असं तुम्ही म्हणाला होतात. हे "आपण" म्हणजे कोण होतं, बाबा? तुमच्या काळी अशी माणसं खरंच होती, की मटार सोलताना तुम्हाला तसं वाटलं होतं?

तिची नोकरी गेली आणि मी पानिपतला गेले. ती खाटेवर पाय लांब करून बसली होती. आईनं चहा दिला आणि माझ्याकडे न बघता कामावर निघून गेली. मुलगी रागावली असती तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे बोलली. "उस दिन आप मना कर देतीं तो अच्छा रहता. मुझे अपना घुटना पता था. गाँव के मैचों में मैं बचा-बचाकर खेल लेती थी. आपके यहाँ बचाने की जगह ही नहीं थी." मी म्हटलं, मी कुठेतरी बोलते, काहीतरी करते. ती म्हणाली, "ना मॅडम. अब कुछ मत करना."

आणि ती दुसरी, साबुत मुलगी? नोकरी मिळाली नाही म्हणून घरच्यांनी तिचं लग्न लावून दिलं. ती खेळत नाही. म्हणजे एका जागेसाठी आम्ही त्या दोघींचा खेळ संपवला. त्या दुसरीला घेतलं असतं तर मी तुमच्यासारखी एखादी दुपार गप्प बसले असते, एवढंच. तुम्ही चुकलात तेव्हा तो मुलगा खेळत तरी राहिला.

ती जागा पुन्हा निघाली आहे. समितीतून नाव काढा असं मी सांगितलं, तर हसले सगळे, म्हणाले अनुभवी माणूस दुसरं कुठून आणायचं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तुमच्या त्या वाक्याला असं उत्तर मला तुमच्या हातात द्यायचं नाही. पण एक सांगते. परवाच्या ट्रायलला एका मुलीनं लांबून झेप घेत चेंडू टाकला आणि सगळे ओरडले. तिचे पाय जमिनीला नीट टेकेपर्यंत मी तिच्या गुडघ्यांवरून नजर वर उचललीच नाही. चेंडू आत गेला की नाही, ते मला शेजारच्याला विचारावं लागलं.