सर्वपित्रीचा जिताडा

आई, यंदा सर्वपित्रीला तुझ्या पानावर जिताड्याची तुकडी नव्हती, मासळीच नव्हती, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. वालाचं बिरडं, भात आणि वडे होते. म्हणजे तुझं पान आणि आजोबांचं पान अगदी सारखं. जन्मभर त्या माळकरी सासऱ्यांसाठी तू वेगळं रांधलंस आणि शेवटी मी तुला त्यांच्याच पंगतीला बसवलं. जो जे खायचा तेच त्याच्या पानावर, हा नियम तूच घालून दिलेला. तुला राग आला असणार, पण कारण ऐकून घे.

तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते. पुढे पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केली, करोनात लोकांच्या नाकातले नमुने तपासले आणि चाळिशीला टेकल्यावर पुन्हा कॉलेजात नाव घातलं. आता मला चक्क फेलोशिप मिळते. बरोबरची मुलं आधी मला मॅडम म्हणायची, आता ताई म्हणतात. काम असं की, खाडीचं पाणी बाटलीत भरायचं, बारीक गाळणकागदातून गाळायचं आणि कागदावर जे अडकतं त्यावरून पाण्यात कोण कोण राहतं ते ओळखायचं. मासा पकडावा लागत नाही. पाण्यात तो स्वतःचं काही ना काही सोडतोच, आणि त्यात त्याचा डीएनए असतो. तू म्हणाली असतीस, "मासा न बघता मासा? मग खायचं काय, पाणी?"

मी शोधत होते जिताडा, तोही आपल्या खाडीतला. भाईंदर पूर्वेच्या खोलीवर डोंगरीकडची मासेवाली यायची, आठवतं? टोपली उतरवता उतरवताच सांगायची, "खाडीचा हाय, तलावाचा न्हाय." तू भांड्यांच्या कारखान्यातून नुकतीच आलेली, नखांत पॉलिशचं काळं, तरी आधी कल्ला उघडून बघतेस, मग भाव पाडतेस, आणि डोकं माझ्यासाठी बाजूला काढतेस. आता बाजारातून आणावा तो तळ्यात पोसलेला. खाडीत एखादा तरी उरलाय का, हे कुणालाच ठाऊक नाही. तो सापडला तर खाडीच्या आपल्या टोकाचं काम दुसऱ्या वर्षीही चालणार होतं, नाहीतर सगळं बाडबिस्तर दुसऱ्या खाडीवर. मला ते इथंच हवं होतं. इथं वाढले मी, दुसरं काय कारण सांगू.

पाणी घ्यायचं अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला, आणि पितरही अमावास्येचेच. गेल्या वर्षी सकाळी तुझा जिताडा केला, दुपारी गच्चीवर पान ठेवलं आणि संध्याकाळी बाटल्यांची पेटी घेऊन खाडीवर गेले. निघण्याआधी हात बेसनाने चोळले, लिंबाने चोळले, वास घेऊन बघितला, आणि मगच पेटी उघडून बाटल्या नीट लावल्या. हातमोजे काय, खाडीवर घालायचेच होते. लहानपणी असाच लिंबाचा हात घेऊन मी आजोबांच्या माठात पेला बुडवला होता. तू हातावर फटका मारलास. "वास गेला म्हणजे मासळी गेली काय गं?" फुशारून जाऊ नकोस, तुला डीएनएचं काही कळत नव्हतं, तुला सासऱ्यांची भीती होती. पण हात माझा तोच आणि खोडही तीच.

आम्ही प्रत्येक फेरीला एक बाटली शुद्ध पाण्याची नेतो. ती खाडीत बुडवत नाही, बाकी सगळं तिचं इतर बाटल्यांसारखंच करतो. तिला ब्लँक म्हणतात. तिच्यात काहीही निघता कामा नये. निघालं तर ते आपल्याच हातचं, आणि त्या फेरीचं सगळंच बाद. त्या वेळी खाडीच्या बाटल्यांत जिताडा निघाला आणि मी खुर्चीतून उठलेच. मग ब्लँक बघितला. त्यातही जिताडा. आमच्या गाइड मॅडम माझ्याहून लहान आहेत, पण त्यांच्यासमोर मी अजून शाळेतल्यासारखी उभी राहते.

"घरी कोणाकडे जिताडा झाला होता?"

"माझ्याकडे. आईसाठी."

"त्यांना आवडतो?"

"आवडायचा. सर्वपित्री होती ना."

मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "ठीकाय. बॅच बाद. पुढच्या अमावास्येला परत जाऊ." मला तिथंच रडू आलं. काम फुकट गेलं म्हणून नाही. तू घरी स्वयंपाकघरात बसली असल्यासारखं इतक्या वर्षांनी कुणी तुझं विचारलं, म्हणून.

त्यानंतर घरात मासळी बंद. पावसाने अडवलं ते दिवस सोडले तर दर अमावास्येला जात राहिले. ब्लँक कोरा यायचा आणि जिताड्याच्या नावाने खाडीही कोरी. शेवटची फेरी नेमकी यंदाच्या सर्वपित्रीला आली. मॅडम म्हणाल्या, "या वेळी मुलांना पाठवू या. तुम्ही घरचं करा, आईंचं." मी नाही म्हटलं. आदल्या दिवशी वाल सोलले, सकाळी बिरडं केलं. कावळ्याने वडा उचलला, बिरड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तो निरोप तुझाच असेल तर मला पोचला.

परवा निकाल आला. बोय निघाली, निवटी निघाली, शिंगाळा निघाला. जिताडा नाही. "'सापडला नाही' एवढंच लिहा, 'नाहीच' असं लिहायचं नाही," मॅडम म्हणाल्या. मी तसं लिहिलं. फेलोशिप चालू आहे, पण पुढच्या महिन्यापासून खाडी दुसरी. मला वाईट वाटतंय, आणि तुझं पान उगाच बिरड्यावर काढलं याचं त्याहून जास्त.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, ओट्यावरच्या तुझ्या मसाल्याच्या डब्याखाली ठेवीन. एक सांगायचं राहिलं. गेल्या वर्षीचा तो बाद ब्लँक तेव्हाच फेकायला हवा होता. लॅबचा फ्रीजर साफ करायचं काम माझ्याकडे आहे. दर वेळी त्या ब्लँकच्या डीएनएची छोटी नळी उचलते आणि परत मागे सारून ठेवते. तिच्यावर आपल्या खाडीचं नाव आहे. आत जो जिताडा आहे, तो तुझ्या पानावरचा.