फातिहानंतरची शांतता

भिवंडी

लियाकतभाई,
अस्सलामु अलैकुम.

अफशीनच्या लग्नाला तू आला नाहीस, कारण जावई हनफी पंथाचा. आपण शाफई कोकणी, नमाजात इमामाच्या मागे उभं राहूनही कुराणातली पहिली सुरा, फातिहा, आपापली पढतो. त्यांच्यात इमाम पढत असताना मागच्यांनी गप्प राहून ऐकायचं. "पोरीची नमाज बिघडवशील," असं तू म्हणालास. मी दोन्हीकडच्या मौलानांना विचारलं. दोघांकडेही दलिली होत्या आणि मला दोघेही खरे वाटले.

परवा ह्यांचा पाय मुरगळला, म्हणून मगरिबची, संध्याकाळची नमाज घरीच झाली. जावई नदीम इमाम झाला. शेजारी लूमचा खडखडाट चालूच होता. त्यानं फातिहा संपवली, ह्यांनी मोठ्यानं आमीन म्हटलं, आणि नदीम नुसता उभा राहिला. पुढची आयत सुरूच करीना. मला वाटलं, विसरला बिचारा. तेवढ्यात माझी फातिहा पढून झाली आणि मग तो पुढे पढू लागला.

नमाज संपून सलाम फिरवल्यावर मी विचारलं, "अडलास का रे?"

"नाही अम्मी. आप लोगों को पढना रहता है ना, म्हणून थांबलो."

त्याच्या हिशेबानं मी पढायलाच नको. तरी तो थांबला.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तू उत्तरात किताबाच्या पानाचा फोटो पाठवशील. तू शाफई, माझा सख्खा भाऊ. लग्नाचं सांगायला फोन केला, तेव्हा माझं वाक्य संपेपर्यंतसुद्धा थांबला नाहीस.

तुझीच,
हमीदा