दादाच्या गोळ्या

४ नोव्हेंबर २०२५

तीच गोळी! डॉक्टर मॅडमनी नाव लिहायला सुरुवात केली आणि मला पुढचं वाचायची गरजच पडली नाही. अमिओडॅरोन. दादाची गोळी.

गेल्या आठवड्यात वर्गात फळ्यावर लिहिताना छाती अशी काही फडफडली की हातातला खडू पडला. डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून आज नगर. ईसीजी, रक्त, सगळं झालं. मॅडम म्हणाल्या, "ठोके बेताल पडतायत. गोळी नेमानं घ्या. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. उन्हात जाताना तोंड झाका. आणि दुसरं कुठलंही औषध — साधं सर्दीचंसुद्धा — मला विचारल्याशिवाय नाही."

जामखेडला परत येताना एसटीत सगळा वेळ दादाशी भांडत होते. मनातल्या मनात. तुलाही हे सांगितलंच असेल ना? मग का ऐकलं नाहीस?

७ नोव्हेंबर

दादाला जाऊन वर्ष होईल जानेवारीत. भीमराज मोटारवाला म्हटलं की अख्ख्या तालुक्याला ठाऊक. जळालेली मोटार त्याच्याकडे आणायची, दुसऱ्या दिवशी पाणी सुरू! दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्याच गेला. तांब्याची तार हातात होती म्हणे. सोडवून घ्यावी लागली.

अंत्ययात्रेला जमलेले लोक कुजबुजत होते. तेव्हा आक्कावहिनीनं स्वतःच सांगितलं, "बरं वाटतंय म्हनून सोडल्या हुत्या त्यांनी गोळ्या." एवढंच. 

त्या दिवसापासून मी दादावर रागावलेली आहे. नीट रडलेसुद्धा नाही. दादाच्या पोराचं, कल्याणचंही तेच. त्यानं शिक्षण सोडून दुकान हातात घेतलं, पण बापाचा फोटो दुकानात लावू देत नाही. "ज्यांना आमची पर्वा न्हवती, त्यांचा फोटो कशाला?" म्हणतो.

१२ नोव्हेंबर

गोळी जिभेवर ठेवली की घरात वार्निशचा वास येतो. मोटारीच्या गुंडाळीला दादा लावायचा, ते वार्निश. माझ्या घरात कुठून येणार? खिडक्या उघडल्या. गेला नाही. ह्यांना विचारलं, वास येतो का. "कसला?" म्हणाले. 

२० नोव्हेंबर

"भारे, घेतली का गं?" — दादाचाच आवाज, स्पष्ट ऐकू आला. मी मोठ्यानं म्हणाले, "तू घेतलीस का?"

३ डिसेंबर

थंडी सुरू झाली आणि खोकला लागला. बोलताच येईना. शाळेत विजयाबाईंनी पर्समधून पाकीट काढून दिलं. "अझिथ्रोमायसिन. तीन दिवस घ्या, खोकला गायब! आमच्या घरी सगळे हेच घेतात."

पाकीट हातात घेतलं खरं, पण गोळी फोडवेना. मॅडमना फोन लावला. नाव सांगितल्याबरोबर त्या म्हणाल्या, "नाही! अजिबात नको. तुमच्या गोळीबरोबर ही घेतली तर ठोके जास्त बिघडू शकतात. चक्कर येऊन माणूस जागेवर पडू शकतो. उद्या या, छाती तपासते, मग चालेल ते देते."

जागेवर पडू शकतो.

 पाकीट विजयाबाईंना परत केलं. 

१४ डिसेंबर

खोकला गेला. पण ते वाक्य जात नाही.

आज दादाच्या दुकानावर गेले. कल्याण मोटार उतरवायला मळ्यावर गेला होता. शेजारी छबूबाईंचा चहाचा गाडा आहे, तिथं टेकले. मी गोळी काढली तसं त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

"दादा बी माझ्याकडनंच पानी घ्यायचं गोळीला. रोज!"

मी म्हटलं, "शेवटी शेवटी सोडली होती ना त्यानं?"

"कुनी सांगितलं? त्या दिवशी सकाळी बी घेतली की माझ्यासमोर. खोकला लई हुता. खोकल्याच्या निराळ्या गोळ्या बी चालू हुत्या. म्हनलं, दादा, किती गोळ्या खाता, तर हसलं नुसतं."

चहा तसाच राहिला. समोर रिकामं स्टूल दिसत होतं. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं.

१६ डिसेंबर

मॅडमना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "आता खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. कुठली गोळी होती तेही माहीत नाही. पण हो, त्या दोन गोळ्यांनी मिळून तसं होणं शक्य आहे."

आज रडले. पहिल्यांदा. दादा, तू सोडल्या नव्हत्यास रे! तू घेत होतास. शहाण्यासारखा, रोज, छबूबाईंच्या ग्लासातनं. आणि आम्ही वर्षभर तुला बेफिकीर म्हणत बसलो. तुझ्या पोरानं तुझा फोटो काढून ठेवला.

पुण्यस्मरणाच्या दिवशी, बुद्धवंदना झाली की उभी राहणार. सगळ्यांसमोर सांगणार. कल्याणसमोर तर आधी!

१० जानेवारी

उद्या पुण्यस्मरण. काय बोलायचं ते दहादा घोकलं. वर्गात वीस वर्षं बोलतेय, तरी चिठ्ठीवर लिहून ठेवलं. आज वार्निशचा वास नाही. तोही ऐकायला थांबलाय असं वाटतं.

११ जानेवारी

वहिनीला आधी सांगावं म्हणून सकाळीच स्वयंपाकघरात गेले. ती भाकरी थापत होती. सगळं सांगितलं तरी हात थांबले नाहीत तिचे.

"मला ठावं हाय, ताई. डॉक्टरनं त्याच दिवशी इचारलं हुतं, दुसऱ्या गोळ्या कुनी दिल्या म्हनून. कल्यानं आनल्या हुत्या मेडिकलातनं. बापाचा खोकला बघवंना त्याला. त्याला म्हाईत न्हाई... आन् कळू बी द्यायचं न्हाई."

वंदना झाली. मी उठले नाही.

जेवताना कल्याण शेजारी येऊन बसला. "आत्या, अण्णांनी गोळ्या सोडल्या नसत्या तर आज असते ना?"

मी म्हटलं, "हो रे. कुणाचं ऐकायचाच नाही तो."