गुंजभर घर

अहो,

जन्मभर याच हाकेने बोलावलं, म्हणून पत्रही तिथूनच सुरू करते. तुम्ही जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. इतके दिवस फोटोशी बोलून भागत होतं. पण आज जे झालंय ते असं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. सकाळी रेवाचा फोन आला. आपला फ्लॅट त्या दोघांनी घ्यायचा नाही असं ठरवलं. आणि तेही माझ्याच बोलण्यामुळे! रेवा कोण, ते सांगते. आधीच कपाळाला आठ्या घालू नका.

आपल्या मेधाने कार्डिफला तिच्या घरातली मागची खोली माझ्यासाठी रंगवून ठेवली आहे. आपली तन्वी फोनवर फिरवून फिरवून दाखवते. "आजी, तुझा खोली रेडी आहे. तू कधी येतो?" तुम्ही असतात तर लगेच तिची चूक सुधारली असती. मी नाही सुधारत. ती विचारते आहे, हेच पुष्कळ.

मलाही जायचंय हो! इथे कॉव्हेंट्रीत आता दिवसदिवस तोंड उघडायला कारण मिळत नाही. परवा बसच्या ड्रायव्हरला थँक यू म्हटलं, तर आवाज घोगरा आला. लक्षात आलं, त्या दिवसातला तो पहिला शब्द होता.

पण या फ्लॅटचं काय करायचं? मला वाटलं, भाड्याने देऊ, कुणाचा तरी दिवा लागेल. तर उरलेला हिस्सा ज्यांचा, त्या हाउसिंग असोसिएशनची मुलगी फोनवर अगदी गोड आवाजात म्हणाली, "सॉरी, शेअर्ड ओनरशिपमध्ये ते चालत नाही." कुलूप लावून गेले तरी त्यांच्या साठ टक्क्यांचं भाडं आणि वर सर्व्हिस चार्ज चालूच. आणि विकायचं तर पहिले आठ आठवडे गिऱ्हाईक तेच शोधणार. आपलं घर, आपलं घर म्हणायचात ना? चाळीस टक्केच आपलं होतं!

किल्ल्या मिळाल्या तो दिवस आठवतो? तुम्ही बाल्कनीत उभं राहून तुळशीची जागा ठरवत होतात. मी तो कागदांचा गठ्ठा हातात तोलून विचारलं, "अहो, हे सगळं वाचलंत का?" तर म्हणालात, "अगं, सॉलिसिटरने वाचलंय. आपण कशाला डोकं शिणवायचं?" आणि मग ते तुमचं लाडकं वाक्य, "तुझी बोरमाळ कशी झाली? दर गुरुपुष्याला गुंजभर सोनं घेत घेतच ना? तसंच हे घरही घेऊ. थोडं थोडं."

किती पटलं होतं मला ते! नाशिकला एका खोलीत राहत होतो, तेव्हापासून आपण तसंच केलं होतं. गुंजभर सोनं पुडीत बांधून आणायचं, देवापुढे ठेवायचं, डबीत टाकायचं. बारा वर्षांनी माळ झाली. मग घर का नाही होणार?

तुम्ही गेल्यावर तो गठ्ठा मी काढला. सातवी शिकलेली बाई मी. इंग्रजी शिकले ती लायब्ररीतल्या लहान मुलांच्या पुस्तकांतून. रोज आंघोळ झाली की देवापुढे बसायचं, शेजारी डिक्शनरी, हातात पेन्सिल, आणि लीजचं, म्हणजे घराच्या कराराचं, एक पान. चार महिने लागले. आपल्या घरात पोथ्यांची पारायणं झाली, पण लीजचं पारायण करणारी मीच पहिली! शेवटी प्रसाद काही मिळाला नाही. डोळे तेवढे उघडले.

काय लिहिलंय माहीत आहे? गुंजभर मिळतच नाही. एका वेळी निदान दहा टक्के घ्यायचे, तेही त्या दिवशीच्या बाजारभावाने. प्रत्येक वेळी घराची किंमत ठरवायला माणूस बोलवायचा, त्याची फी वेगळी. सॉलिसिटर परत वेगळा. आणि दुरुस्ती निघाली की मात्र आपल्या फ्लॅटच्या वाट्याचा खर्च शंभर टक्के आपला! छप्पर गळलं तेव्हा आलेलं खर्चाचं पत्र बघून तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात. मला सांगितलंत, पोट बिघडलंय. का हो असं केलंत? मला सांगितलं असतं तर मी काय मोडून पडले असते?

आणि आपलं ते गुरुपुष्य! पहिल्या दहा टक्क्यांचे पैसे जमले होते, किंमत ठरवणारा येऊन गेला होता, फॉर्मवर तुमची सहीसुद्धा झाली होती. आणि तो फॉर्म अडीच महिने देवाजवळ पडून राहिला. का? तर गुरुपुष्य यायचं होतं. ठरवलेली किंमत तीनच महिने टिकते, हे त्याच गठ्ठ्यात लिहिलेलं होतं. आपण मुहूर्तावर पाकीट टाकलं, अगदी हळदकुंकू लावून, आणि सॉलिसिटर सुट्टीवरून येईपर्यंत मुदत टळून गेली. नवी किंमत आली ती आपल्या हाताबाहेरची. तुम्ही हसून म्हणालात, "पुढच्या गुरुपुष्याला बघू." त्यानंतर तुमचं हॉस्पिटल सुरू झालं.

तुमच्या एकट्याच्या माथी नाही मारत. "चांगला दिवस बघूनच द्या हो," असं म्हणणारी मीच होते. ते मनातून जात नाही.

तर रेवा आणि अनिकेत. पुण्याची पोरं, दोघं कॉम्प्युटरमधली. रेवाला सातवा महिना. आठ आठवड्यांत घर बघायला आलेली ही दोघंच. आल्या आल्या ती वाकायला लागली, मीच धरलं तिला. पहिल्या दिवशी मी गप्प राहिले. खरं सांगते, मुद्दाम गप्प राहिले. शंकरपाळे दिले, बाल्कनी दाखवली, ऊन कुठून येतं ते सांगितलं. ती गेल्यावर तुमची पुस्तकं खोक्यात भरली, आपले दोन कपही कागदात गुंडाळले. मेधाला फोन केला, "बहुतेक जमलं गं!"

गेल्या रविवारी दोघं टेप घेऊन आली. पाळणा कुठे बसेल ते मोजत होती. मी चहा ओतत होते. अनिकेत म्हणाला, "काकू, आत्ता फोर्टी पर्सेंट घेऊ, मग दरवर्षी थोडं थोडं. एसआयपी असते ना, तसं!"

अहो, तुमचंच वाक्य! तुमच्याच चेहऱ्यावरचा तो आनंद! चहा बशीत सांडला. कार्डिफची ती पिवळी खोली डोळ्यांपुढे आली, तन्वी आली. गप्प बसणं किती सोपं होतं! पण पोरीने पाळण्याच्या जागी जमिनीवर आपली ओढणी पसरून ठेवली होती, मापासाठी. तिकडे बघितलं आणि म्हटलं, "अनिकेत, ती टेप गुंडाळ. बस इथे."

पेन्सिलच्या खुणांचं लीज पुढ्यात ठेवलं. पान पान दाखवलं. आपल्या गुरुपुष्याचंही सांगितलं. तो आधी चिडला. "काकू, तुम्हाला घर विकायचंय की नाही?"

"विकायचंय रे. पण तुला अंधारात ठेवून नाही. घेऊ नका असं म्हणत नाही मी. वाचून घ्या. पुढचे टक्के कधी, कुठून घेणार, ते आज मांडून घ्या."

रेवा हळूच म्हणाली, "पण मग आम्ही राहायचं कुठे, काकू? आत्ताचा घरमालकही भाडं वाढवतोच आहे." मी तिचा कप पुन्हा भरला.

आज तिचा नकार आला. मेधा फोनवर तडकलीच. "आई, तुला कुणी विचारलं होतं? त्यांचा सॉलिसिटर असतो ना सांगायला!"

मी म्हटलं, "आपलाही होता, बाळा."

आता फ्लॅट खुल्या बाजारात जाईल, एजंट येईल, किती महिने लागतील देव जाणे. चहा करायला म्हणून खोकं उघडलं. एकच कप काढायचा होता. दोन्ही एकात एक घालून मीच गुंडाळले होते, ते एकत्रच हातात आले. दुसरा परत ठेवावासा वाटेना. इथे टेबलावर आहे, तुमच्या जागेपाशी.

चुकलं का हो माझं? तुम्ही काहीच बोलणार नाही, माहीत आहे. कागदपत्रांचा विषय निघाला की असेच गप्प बसायचात!

पण एक शब्द देते. या घराच्या दारात जो कोणी येईल, त्याच्यापुढे आधी लीज ठेवीन, मग चहा. दहा जण परत गेले तरी चालतील. आणि कार्डिफला जायचा दिवस आला की मुहूर्त बघणार नाही. जो वार असेल त्या वारी, बोरमाळ गळ्यात घालून आणि हे दोन्ही कप पिशवीत घेऊन निघेन.

तुमची, टक्क्यांत नव्हे, अख्खी,
सुमन