लाडात येणे

१३ जाने., शारजा
समीर पहाटेच हमरियाला ड्यूटीवर गेला. वॉशिंग मशीन लावलं, बेडरूमचं दार लावून हेडफोन चढवला. आजपासून नवा दुभाषी-जॉब. इंग्लंडमधल्या, सुटलेल्या कैद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशन मॅडम आणि आपला एक मराठी माणूस. लहान मुलीवर अत्याचार, तुरुंग भोगून सुटलाय. दर सोमवारी मॅडमना फोनवर हजेरी. मधे मी. नियम असा की तो ‘मी’ म्हणाला की मीही ‘आय’ म्हणायचं. त्याचा गुन्हा माझ्या तोंडून.
त्या मुलीबद्दल म्हणाला, “तीच लाडात यायची.” इंग्रजीत सांगितलं, अंगचटीला यायची.  पलीकडून मॅडमच्या टाइप करण्याचा आवाज.
नंतर भेंडी चिरली. काहीच वाटलं नाही.

२० जाने.
त्याला बहिणीकडे राहायला जायचंय. भाची सहा वर्षांची. परवानगी मॅडम देणार. मॅडमनी विचारलं, ‘ती ओळखते का तुम्हाला?’ “ओळखते तर! मामा ना मी. लगेच लाडात येते.” मी सांगितलं, फार प्रेमळ आहे. मॅडम ‘ओके’ म्हणून पुढे गेल्या.

२१ जाने.
सईची वेणी घालताना म्हटलं, “लाडात येऊ नकोस, बस चुकेल.” “व्हॉट्स दॅट इन इंग्लिश, आई?” सांगता येईना. आणि तिथंच लक्षात आलं.
त्याचा शब्द एकच होता. मी त्याचे दोन केले. मॅडमना कसं कळणार की भाचीबद्दलही तो तेच बोलतोय?

२२ जाने.
एजन्सीच्या बिलालभाईंना फोन. “मॅडम, कॉल क्लोज, खलास. अपना काम ट्रान्सलेशन, ओपिनियन नहीं.” म्हटलं, ओपिनियन नहीं, मेरी गलती है. “ईमेल डालता हूँ, इन्शाल्ला.” त्यांचं इन्शाल्ला कधी हो असतं, कधी नाही.
रात्री नवरोबा समीर : “कशाला नसती ब्याद ओढवून घेतेस?” राग आला. 

२७ जाने.
ईमेल गेलेलंच नव्हतं. कॉल सुरू होताच म्हटलं, दुभाषी स्वतः बोलतेय, चूक दुरुस्त करायचीय. दोन्ही वेळा शब्द एकच होता. अर्थ सांगितला, लहान मूल लाड करून घ्यायला जवळ येतं ते. मॅडम म्हणाल्या, आता हे मराठीत त्यांनाही सांगा. सांगितलं.
“ताई, तुम्ही आपल्या ना? मग कुणाच्या बाजूनं बोलताय?”
नियमाप्रमाणे तेही इंग्रजीत सांगितलं.
परवानगीचा निर्णय गुरुवारी. दुभाष्याला कळवायची पद्धत नाही.

३० जाने., गुरु.
तीन कॉल. दवाखाना, दवाखाना, घरभाडं. बिलालभाई म्हणाले, सोमवारचा स्लॉट दुसऱ्या कुणाला दिलाय. बरं म्हटलं.
ती पोर कुठल्या गावात राहते, मला ठाऊक नाही. आज मामा बॅग घेऊन तिच्या दारात उभा राहिला असेल, किंवा नसेल.