जांभळा फड्या

३ डिसेंबर
मानवजातीच्या दुःखांची यादी करणाऱ्या थोरांनी एक दुःख साफ वगळलं आहे – अंगठ्यात शिरलेलं निवडुंगाचं कुसळ. दिसत नाही, सापडत नाही. शर्टाचं बटण लावताना मात्र आपलं अस्तित्व सप्रमाण सिद्ध करतं. वहिनीने भिंग आणि चिमटा घेऊन अर्धा तास शोधलं. चार निघाली. पाचवं उद्या माझ्याबरोबर वार्ताहर म्हणून कामावर येईल.

दोष माझाच. वरच्या मजल्यावर, दादाच्या गच्चीत, जांभळ्या रंगाचा फड्या निवडुंग आहे. 'काय देखणं पान आहे' म्हणत कुरवाळायला गेलो – चाळीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसासमोर! कुसळ मला लागलं, वाक्य त्याला.

"पंडित, ते खोड आहे. त्याला पान म्हणणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढत असे."

मी गच्चीबाहेर गेलो.

५ डिसेंबर
पुरवणीसाठी याच निवडुंगावर लेख द्यायचा आहे. दादाने सांगितलं, मी उतरवून घेतलं. चपटे फडे हेच खोड. अन्न तेच करतं, पाणी तेच साठवतं. मग पानं? दादाने काट्यांकडे बोट केलं. पाण्याच्या काटकसरीपायी इतकी वाळली म्हणे, की टोचायच्याच कामाची उरली. (आमच्या कार्यालयात असे दोघे आहेत.) बोटाएवढे लांब, काळसर काटे बहुतेक वरच्या काठालाच. खाली जवळजवळ बोडका! संकट वरून येणार हे त्याला कोणी सांगितलं असेल?

निघताना वहिनी जिन्यापर्यंत आली. हळूच म्हणाली, हे विसरायला लागलेत. परवा भाजी घेऊन येताना घराचा रस्ताच सापडेना. डॉक्टरांना दाखवू या का?

मी हसण्यावारी नेलं. ज्याला निवडुंगाचा काटा न् काटा पाठ, तो विसरेल? चष्मा कपाळावर ठेवून मीही घरभर शोधतो.

२६ डिसेंबर
कडाक्याची थंडी. आणि फडे काय रंगलेत! काठाला गर्द जांभळे, मध्यभागी निळसर राखी, वर मेणाचा पुसट थर – चंदेरी धुकं बसल्यासारखा. बीटात असतं त्याच जातीचं रंगद्रव्य, दादा म्हणाला. थंडी आणि तहान वाढली की चढतं, ऊब आणि पाणी मिळालं की पुन्हा हिरवट. संस्कृतातले सहा शब्द काढून पाहिले. एकही त्या रंगाला पुरला नाही. इतकी वर्षं कशाला घोकलं कोण जाणे.

हाल झाले की देखणं होणारं आणखी कोणी आहे का, असं दादाला विचारलं. "तुझी वहिनी," तो म्हणाला. वहिनीने भिंग उगारलं.

११ जानेवारी
लेख आला. दादाने लाल पेनाने तपासला! दहापैकी आठ. कुसळांना मी 'केस' म्हटलं होतं, त्याचे दोन कापले. केस नव्हेत, उलट्या दातांचे काटे आहेत ते. म्हणून आत शिरतात, बाहेर येत नाहीत. माझा अंगठा साक्षीला आहे.

अंक वहिनीला दाखवला. म्हटलं, हे काय विसरणाऱ्या माणसाचं काम आहे? तिने अंकाची घडी घालून ठेवली. डॉक्टरांचा विषय तिथेच मिटवला.

२ मार्च
वहिनी म्हणते, यांनी आज तीनदा अंघोळ केली. मी म्हटलं, उकाडा आहे.

१७ एप्रिल
कळ्या! काठावर ओळीने अकरा. फडे आता हिरवट पडलेत, पण कळ्यांचा रुबाब राजाचा.

२१ एप्रिल
पहिलं फूल. पिवळंधमक, पाकळ्या रेशमी, बुडाशी लालभडक. दादाने काडीने पुंकेसरांना हलकेच डिवचलं आणि ते सगळे हळूहळू आत वळले, मूठ मिटावी तसे. भुंग्याच्या अंगावर पराग घासायची युक्ती आहे म्हणे. दादा शाळकरी पोरासारखा हसत होता. मी पाचदा करायला लावलं. या माणसाला डॉक्टर काय तपासणार?

२२ एप्रिल
आज आणखी दोन उमलली. दादाने खांद्याला धरून मला कुंडीजवळ नेलं.

"बघ पंडित, पानाच्या काठावर फूल आलंय."

चेष्टा करतोय का म्हणून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. करत नव्हता. मी 'हो' म्हटलं. वहिनी दारात उभी होती. तिने मान खाली घातली.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सोमवारी दहा वाजता. वहिनीने डिसेंबरातच सांगितलं होतं. मला भीती वाटते आहे – तेव्हाही वाटत होती.