आमच्या पणजोबांची समाधी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. ही कुणीही वाचायची नाही. हिने तर मुळीच नाही.

निवृत्त होऊन आठ महिने झाले. पाटबंधारे खात्यात असताना वाटायचं, वेळ मिळाला की काहीतरी भव्य करू. वेळ मिळाला. भव्य काही सुचलं नाही. काल सुचलं.

शेजारचे डिसोझा सर वसईला जाऊन आले. आजोबांची कबर शोधून काढली म्हणाले. मोबाईलवर फोटो दाखवला. दगडावर नाव, जन्म, मृत्यू, सगळं कोरलेलं. चर्चच्या रजिस्टरातही नोंद सापडली. माझ्याकडे माझ्या आजोबांचा एकच फोटो आहे. त्यात अर्धे ते आणि अर्धी सायकल.

निश्चय: पणजोबांचं अंत्यस्थान शोधायचं. मुदत आखाजीपर्यंत. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे पितरांचा सण, मुहूर्त आपोआप साधतो.

हिला, म्हणजे सुमनला, सांगितलं. ती म्हणाली, आपल्यात जाळतात. मी म्हटलं, संशोधनात असे पूर्वग्रह चालत नाहीत.

४ फेब्रुवारी, मंगळवार
पुण्याला हितेंद्रला फोन केला. मीटिंगमध्ये होता. तरी ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'इंटरेस्टिंग आहे, पप्पा.' त्याने आजवर माझ्या कुठल्याही गोष्टीला इंटरेस्टिंग म्हटलेलं नाही. आखाजीला येशील का, असं विचारलं नाही. तो येतो की नाही याचा या कामाशी संबंध नाही.

दुपारी वरची खोली झाडून घेतली. सहज.

१० फेब्रुवारी, सोमवार
प्रगती समाधानकारक. फाईल आणली, तिच्यावर लेबल लावलं. आत टाकायला अजून काही नाही.

माहिती अशी: वडील बन्सीलाल, आजोबा सुकदेव, पणजोबा वना. मूळ गाव सोनगीरच्या पुढे, हायवे सोडून आत. आजोबा ते गाव सोडून जळगावला का आले, हे घरात कुणी कधी बोललं नाही. याचा अर्थ उघड आहे. भाऊबंदकीत गादीवरून काहीतरी झालं असणार.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. रात्री
धुळ्याला जाऊन आलो. कोतवाल बुकाची नक्कल मागितली. इंग्रजांच्या काळात गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून ठेवायचा, तीच नोंद. लोक जातीच्या दाखल्यासाठी ती काढतात. क्लार्कने विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, पूर्वजांसाठी. त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, 'शैक्षणिक' लिहा, नाहीतर अर्ज पुढे सरकायचा नाही. लिहिलं. वय वर्षे एकोणसाठ, शैक्षणिक.

येताना चुलतभाऊ लीलाधरकडे जेवलो. धुळ्यात त्याचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे. बायको दिपमालाने शेवभाजी फार छान केली होती. त्याला योजना सांगितली तर म्हणाला, भाऊ, आपला पणजा राजा होता की काय? मी गंभीरपणे म्हटलं, अजून पुरावा हाती नाही. तो हसला. त्याला इतिहासाची दृष्टी नाही.

५ मार्च, बुधवार
नक्कल आली. पणजोबा सापडले. 'वना, मयत, ताप.' धंद्याच्या रकान्यात 'मजुरी'.

नक्कल फाईलला लावली, परत काढून वाचली. मग लक्षात आलं. इंग्रज सरकारला संशय येऊ नये म्हणून त्या काळी मोठी माणसं मुद्दाम असं लिहून घेत. हे कुठे वाचलं ते आठवत नाही, पण तर्काला पटतं.

कुठे पुरलं किंवा जाळलं, याचा रकानाच नाही. म्हणजे जागेवर जावं लागणार.

१६ मार्च, रविवार. रात्री ९
सापडली. समाधी सापडली.

क्रमाने लिहितो. मूळ गावी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. गावात माहितीचं म्हातारं माणूस एकच, झुलाल आबा. ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे जामनेरला. म्हटलं, आपल्याला कुणाची गरज नाही. नाल्याकडेने चालत निघालो. झुलाल आबांच्याच शेताच्या बांधावर निंबाखाली दगडी ओटा, उभा शेंदरी दगड, दिव्यासाठी कोनाडा. पाहताक्षणी अंगावर काटा आला. रक्त ओळखतं.

ओट्याची लांबी पावलांनी मोजली. पणजोबा चांगलेच धिप्पाड असले पाहिजेत.

शेजारच्या वावरात एक बाई कांदे काढत होती. तिला विचारलं, इथे पूजा कधी होते? ती म्हणाली, 'पोयाले. बठ्ठा गावना बैल आठे आनतस, निवद दावतस.'

किती मोठा मान! पोळ्याला गावातली माणसं तर सोडाच, गावचे सगळे मुके बैलसुद्धा इथे येऊन आमच्या पणजोबांपुढे माना झुकवतात. ही समाधी कुणाची, असं मी मुद्दामच विचारलं नाही. आपल्याच पूर्वजाचं नाव परक्याला विचारलं तर आपला हक्क कमी होतो.

नारळ फोडला. अर्धा बाईला दिला.

१७ मार्च, सोमवार
हितेंद्रला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. अर्ध्या तासाने फोन आला. माझ्या नातीला, भूमिकाला, समाधी बघायचीय म्हणाला. पहिलीतल्या मुलीला इतिहासाची ओढ, हे आमच्या घराण्यात उतरतंच. सुट्टी मिळते का बघतो म्हणाला.

सुमनला म्हटलं, बघ. ती म्हणाली, काय बघू, तो ओटा कुणाचा हे विचारलंत का कुणाला? तिला म्हटलं, काही गोष्टी आतून कळतात. ती आत गेली.

२३ मार्च, रविवार
निर्णय:
आखाजीच्या आदल्या दिवशी समाधीचं पूजन, संगमरवरी पाटीचं अनावरण, माझं मनोगत. आखाजीच्याच दिवशी ठेवलं असतं, पण त्या दिवशी ज्याला त्याला आपापल्या घरी घागर भरायची असते. पितरांचीही वेळ सांभाळावी लागते.
रोज पहाटे उठून घराण्याचा इतिहास दोन पानं लिहायचा.
चहा कमी करायचा.

६ एप्रिल, रविवार
इतिहासाचं पहिलं पान पूर्ण. त्यात बहुतेक प्रस्तावना आहे.

चहा कमी करणं या उन्हात शक्य नाही. उलट वाढवावा लागतो.

पाटीचा मजकूर ठरला: 'श्रीमंत वनाजीराव आबासाहेब यांचे पवित्र समाधिस्थळ.' कारागीर म्हणाला, 'श्रीमंत' काढा, ओळ मोठी होतेय. मी म्हटलं, दगड मोठा घे.

१२ एप्रिल, शनिवार
झुलाल आबांच्या मुलाला, दीपकला, फोन केला. पाटी बसवायची परवानगी मागितली. तो ट्रॅक्टरवर होता, नीट बोलणं झालं नाही. 'पूजाच करताय ना, करा की,' म्हणाला. म्हणजे त्यांच्याही घरात समाधीची महती माहीत आहे. आबा आखाजीच्या सुमाराला गावी येणार आहेत. त्यांचा सत्कार करायचा. टॉवेल-टोपी आणून ठेवली.

भाऊबंदांच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं. बत्तीस जणांनी वाचलं. दोघांनी हात जोडले. एकाने जेवण आहे का विचारलं.

२१ एप्रिल, सोमवार
हितेंद्रचं नक्की होत नाहीये. रिलीज आहे म्हणे. कसली ते विचारलं नाही. मला फरक पडत नाही. समाधी त्याच्यासाठी थोडीच शोधली!

आज भरीत-भाकरी होती. जेवण गेलं नाही. ऊन फार आहे.

रात्री सुमन गच्चीवर बराच वेळ फोनवर बोलत होती. बहिणीशी असेल.

२५ एप्रिल, शुक्रवार
हितेंद्र येतोय! भूमिकाला घेऊन. सूनबाईंना रजा नाही. दोन दिवस राहणार. पूर्वजांच्या नावात ताकद असते ती अशी. मनोगतात एक परिच्छेद वाढवला: 'मुळं घट्ट असली की फांद्या परत वळतात.' वाचून दाखवताना आवाज भरून आला. ऐकायला कुणी नव्हतं.

२८ एप्रिल, सोमवार
गवंडी घेऊन जाऊन पाटी बसवून आलो. सिमेंट चांगलं धरलंय. कुणी हलवू शकणार नाही.

हितेंद्र संध्याकाळी आला. थोडा वाळलाय. भूमिकाने विचारलं, समाधीत पणजोबा झोपलेत का? म्हटलं, ते माझे पणजोबा. तुझे खूप वरचे. ती वर बघायला लागली.

२९ एप्रिल, मंगळवार. रात्री
आधी ठरवलं होतं की आजचं लिहायचंच नाही. पण रोजनिशीत खाडा नको.

हजर: मी, हितेंद्र, भूमिका, लीलाधर, दिपमाला आणि दोन भाऊबंद, ज्यांना अजून वाटत होतं की जेवण आहे. झुलाल आबा डोळ्याला काळा चष्मा लावून आले. टॉवेल-टोपी दिली. फुलं वाहिली. पाटीवरचा पडदा बाजूला केला. मी मनोगत सुरू केलं. 'गादी'पर्यंत आलो होतो. आबांनी लीलाधरला विचारलं, पाटीवर काय लिहिलंय? त्याने वाचून दाखवलं. आबा म्हणाले, थांबा.

जसं बोलले तसं लिहितो. 'हाऊ आमना हौश्या शे. मना आजाना बैल. त्याना सारखा बैल सोनगीरना बाजारमा परत उना नई. मरना तव्हय आठेच गाडा, वर ओटा बांधा. म्हनीसन पोयाले बैल आनतस.'

म्हणजे ओट्याखाली बैल पुरलाय. निंबावर कावळा होता, तो बोलत होता.

मी विचारलं, आणि वना? विचारायला नको होतं. आबांनी आठवून पाहिलं. मग चेहरा एकदम फुलला. 'वना आमना सालदार. वरीसना बोलीवर. हौश्याले तोच चारे, तोच धोये. बैल मरना ते दोन दिन जेवना नई, आसं मना आजा सांगे.'

म्हणजे सालगडी. मी म्हटलं, त्यांची जागा?

'माणूसनी कोठे समाधी ऱ्हास, भाऊ? नालाना काठे चिता करी व्हई. पह्यला पूरमा राख गई.'

लीलाधर पाठ फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. दिपमालाने त्याला कोपर मारलं. भाऊबंदांपैकी एकाने विचारलं, मग नारळ फोडायचा की नाही? आबा म्हणाले, फोडा, हौश्याला चालतो. फोडला.

पाटी काढू म्हटलं तर आबा नको म्हणाले. ओटा फुटेल. राहू द्या, बैलाला श्रीमंत म्हटलं तर बिघडलं काय! त्यामुळे ती तशीच राहणार.

येताना गाडीत हितेंद्र चालवत होता. पारोळ्याच्या पुढे आल्यावर मी म्हटलं, तुला उगाच एवढ्या लांब आणलं. तो म्हणाला, 'पप्पा, मी समाधी बघायला आलोच नव्हतो. आईने फोन केला होता. म्हणाली, तू येऊन जा, ते जेवत नाहीत.' मी खिडकीतून केळीच्या बागा बघत राहिलो. ऊन फार होतं.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी
घागर भरली. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. सुमनने पुरण, आमरस, कुरडया, सगळं रीतसर केलं. कालबद्दल एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

पितरांचा घास विस्तवावर टाकतात, ती आगारी. यंदा हितेंद्रला पुढे बसवलं. बन्सीलाल म्हणाला. सुकदेव म्हणाला. तिसऱ्या नावाला अडला. दोन महिने मी जे नाव ग्रुपवर, निमंत्रणात, संगमरवरावर लिहीत होतो, ते पोराला आठवेना. भूमिका म्हणाली, मला माहितीय, हौश्या. हितेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, टाक. त्याने टाकला.

मग वनाचा मी टाकला. तुपामुळे विस्तव पेटला आणि धूर सरळ माझ्याच डोळ्यांत आला. हौश्याचं नाव, त्याचा बाजार, त्याचा निवद, सगळं एका गावाला पिढ्यान्‌पिढ्या पाठ. त्याला चारणारा माणूस दोन दिवस उपाशी राहिला, एवढीच त्याची आठवण. तीही बैलामुळे राहिली.

गादीबिदी काही नव्हती. ते मला कोतवाल बुकाची नक्कल आली त्याच दिवशी कळलं होतं.

हितेंद्र उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. सुमन त्याच्यासाठी कुरडया बांधतेय. समाधी खरी निघाली असती, तर पोराला दर आखाजीला यावं लागलं असतं. माझं एवढंच होतं.